रक्तपेढीची चिठ्ठी लपवू नका

एप्रिल महिना उजाडला की कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात वस्तीवस्तीतून जयंतीची तयारी सुरू होते. मंडप, मिरवणूक, व्याख्यान, भोजनदान आणि अनेक ठिकाणी रक्तदान शिबिरही. तरुण पोरे रांगेने खाटेवर आडवी होतात, एकेक पिशवी रक्त देतात, चहा-बिस्किट घेतात आणि प्रमाणपत्र घरच्या भिंतीवर लावतात. चांगलीच गोष्ट आहे.

पण त्या पिशवीचे पुढे काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी होते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया. यातले काही सापडले, तर काही दिवसांनी रक्तदात्याला निरोप येतो : ‘आपल्या रक्ताच्या तपासणीबाबत बोलायचे आहे, येऊन भेटावे.’

समजा, असा निरोप पळसदरीतल्या एका घरात आला. घरात म्हातारी आई, बत्तीस वर्षांचा मुलगा, सहावा महिना चालू असलेली सून आणि चार वर्षांची नात. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. तो पळसदरीच्या फलाटावर खोपोली गाडीची वाट पाहत ती चिठ्ठी वाचतो, घडी घालतो आणि डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवून देतो. घरी एक अक्षर बोलत नाही. रक्तपेढीत गेलाच, तर कानावर ‘हिपॅटायटिस बी’ एवढे दोन शब्द पडतात आणि पुढचे काही ऐकूच येत नाही. ‘मी तर धडधाकट आहे. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही. लोकांना कळले तर काय म्हणतील? कामावरून काढले तर?’

वाचकहो, या घरात पुढे काय व्हायला हवे आणि काय होऊ नये, ते आज नीट समजून घेऊ. कारण ही चिठ्ठी कोणाच्याही घरी येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात हिपॅटायटिस बी असलेली माणसे सुमारे २ कोटी ९८ लाख होती, आणि सी असलेली सुमारे ५५ लाख. त्यातल्या बहुतेकांना स्वतःला याचा पत्ताही नाही.

सगळ्या काविळी सारख्या नसतात

आपण ‘कावीळ झाली’ असे म्हणतो तेव्हा डोळे आणि लघवी पिवळी झाली एवढेच सांगतो. कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे निरनिराळे विषाणू असू शकतात. हिपॅटायटिस ए आणि ई हे घाण पाण्यातून व अन्नातून येतात. पावसाळ्यात विहिरीत गटाराचे पाणी मिसळले की वाडीच्या वाडी आजारी पडते, ती यांच्यामुळे. त्यात माणूस काही आठवडे अशक्त होतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. मात्र गरोदर बाईला ई झाला, तर तो जिवावर बेतू शकतो. तिला दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये.

बी आणि सी यांची चाल वेगळी आहे. ते रक्तातून शिरतात आणि मुक्काम करतात. मुक्काम कोठे, तर यकृतात. बकऱ्याची कलेजी आपण सारे ओळखतो; तोच अवयव माणसाच्या उजव्या बरगडीखाली असतो. खाल्लेल्या अन्नाचे सत्त्व साठवणे, विष निकामी करणे, रक्त गोठण्याला लागणारी द्रव्ये बनवणे, अशी कितीतरी कामे ते मुकाट्याने करते. दुखले तरी बोलत नाही. म्हणूनच बी किंवा सी असलेला माणूस वीस-वीस वर्षे कामावर जातो, ओझी उचलतो, लग्नात नाचतो. आत मात्र यकृतावर वण धरत जातात, ते कडक होते, आकसते. याला सिरॉसिस म्हणतात. मग एके दिवशी पोटात पाणी भरते, पाय सुजतात, रक्ताची उलटी होते. काहींना यकृताचा कर्करोग होतो. त्यात दारूची भर पडली, तर वीस वर्षांचा रस्ता दहा वर्षांतही संपू शकतो.

मोठ्या माणसाला बी ची लागण झाली, तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत निघून जातो. पण जन्मतःच लागण झालेल्या बाळांपैकी शंभरात नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो. सी ची लागण मात्र मोठ्या माणसांतही बहुधा टिकून राहते. सहा महिन्यांनंतरही विषाणू अंगात असेल, तर त्याला जुनाट आजार म्हणतात. पुढची सगळी चर्चा या जुनाट आजाराची आहे.

माळ, चुना आणि डाग

चिठ्ठीची गोष्ट कधीतरी आईला कळतेच. ‘अरे, तालुक्याला एक बाबा कावीळ उतरवतो. मागे शेजारच्या पोराला आठ दिवसांत बरे केले त्याने. चल, एक माळ बांधून घे.’ आई मायेपोटी बोलते. पण शेजारच्या पोराला पाण्यातून झालेली कावीळ होती. ती माळ न बांधताही गेली असती. झाडपाल्याच्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावर पाणी पिवळे पडते, ते झाडपाल्याचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळे. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी ते पिवळेच होईल. तापलेल्या सळईने डाग देणे तर निव्वळ छळ आहे. कोणी सांगितले म्हणून मान डोलवू नये, पारखून घ्यावे, ही आपल्याला मिळालेली शिकवण अशाच वेळी उपयोगी पडायला हवी.

बी आणि सी या माळांना जुमानत नाहीत. त्यांच्यावर औषध आहे. आणि ते कसे चालते हे कळले, की ते का सोडायचे नाही हेही कळते.

झेरॉक्सचे यंत्र आणि मूळ कागद

तहसील कचेरीबाहेरचे झेरॉक्सचे दुकान डोळ्यांसमोर आणा. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि आपला मूळ कागद पेशीच्या अगदी आतल्या कपाटात ठेवतो. मग त्या कागदाच्या हजारो नकला निघतात आणि रक्तात पसरतात. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही गोळी काय करते? ती नकला काढणारे यंत्र अडवते. विषाणूची साखळी जोडली जात असताना तीत एक खोटी कडी बसते आणि पुढची जोडणी थांबते. नकला निघणे बंद झाले की रक्तातला विषाणू कमी होत होत तपासणीत दिसेनासा होतो, यकृताची सूज उतरते. वण धरलेले यकृत हळूहळू सुधारूही शकते. कर्करोगाचा धोका पुरता जात नाही, पण कमी होतो.

मात्र कपाटातला मूळ कागद तसाच राहतो. गोळी बंद केली की यंत्र पुन्हा सुरू. कधी कधी ते असे भरधाव सुरू होते की काही आठवड्यांत यकृत निकामी होऊन माणूस दगावतो. म्हणून ही गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी : बी ची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करायची नाही. बरे वाटले म्हणून नाही, रिपोर्ट ‘निल’ आला म्हणून नाही, गावाला गेलो म्हणून नाही. रोज एक गोळी, बहुतेकांना अनेक वर्षे, काहींना जन्मभर. बीपीची, साखरेची गोळी आपण घेतो ना? तशीच ही.

हिपॅटायटिस सी चा विषाणू असा मूळ कागद कपाटात ठेवू शकत नाही. त्याच्या नकला पूर्ण थांबल्या की तो शरीरातून समूळ जातो. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, किंवा सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर या जोडगोळ्या बारा आठवडे, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस घेतल्या की शंभरात पंचाण्णवच्या आसपास रोगी बरे होतात. सिरॉसिस पुढे गेलेल्यांना सोबत रिबाविरिन देतात, किंवा औषध चोवीस आठवडे चालवतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. तेव्हा विषाणू सापडला नाही, तर रोग गेला. मात्र सी वर लस नाही. पुन्हा दूषित सुई टोचली, तर पुन्हा लागण होऊ शकते.

थोडक्यात, सी ची गोळी पूर्ण संपवायची आणि बी ची गोळी सोडायची नाही.

चार लाखांच्या सुईपासून फुकटच्या गोळीपर्यंत

ही औषधे आपोआप गरिबाच्या दारात आलेली नाहीत. बी चा विषाणू ओळखण्याची खूण अमेरिकेच्या बारुक ब्लुमबर्ग यांनी १९६५ साली जाहीर केली. ती ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्तात सापडली होती, म्हणून जुन्या रिपोर्टांवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे लिहिलेले असे. त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सी चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्या कामाचे नोबेल २०२० साली देण्यात आले.

विषाणू सापडले तरी औषध बरीच वर्षे एकच होते, इंटरफेरॉनची सुई. ती महिनोन् महिने टोचायची, ताप-अंगदुखी सोसायची, केस गळायचे, मन खचायचे आणि तरीही सी चे सगळे रोगी बरे होत नसत. आठवड्याला एक टोचायची नवी इंटरफेरॉन आली, तेव्हा रोश या परदेशी कंपनीला २००६ साली तिचे भारतात पेटंट मिळाले. सहा महिन्यांचा खर्च चार लाखांच्या वर. त्या पेटंटला आव्हान दिले ते मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने. सुईने नशा करणाऱ्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांसाठी काम करणारी ही संस्था. या माणसांत सी चे प्रमाण फार. पहिल्या फेरीत संस्था हरली, पण तिने अपील केले आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजी ते पेटंट रद्द झाले. ज्यांना समाज माणसांत मोजत नाही, त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थेने जगातल्या बड्या औषध कंपनीला हरवले, हे विसरता कामा नये.

पुढे २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर आले. एका गोळीची किंमत एक हजार डॉलर, चौऱ्याऐंशी गोळ्यांचे चौऱ्याऐंशी हजार डॉलर! भारतातही पेटंटला विरोध सुरू झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने मुंबईच्या सिप्लासह काही भारतीय कंपन्यांना औषध बनवण्याचा परवाना दिला. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीची अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आली आणि नंतर किंमत आणखी उतरली. पंजाब सरकारने २०१६ पासून सी चे उपचार मोफत दिले. मग २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. तेव्हा रांगेत उभे राहताना मान खाली घालू नका. हे औषध तुमच्या हक्काचे आहे.

चिठ्ठीनंतरची पहिली पायरी

आपल्या पळसदरीच्या मुलाने काय करावे? चिठ्ठी आणि रिपोर्ट घेऊन प्रथम कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे आणि मोफत उपचाराचे जवळचे केंद्र कोणते ते विचारावे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. ते लांब पडत असेल, तर कर्जतहून मुंबईची गाडी आहे. जे. जे., केईएम, शीव, नायर या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत पोट व यकृताचे वेगळे विभाग आहेत. जाताना आधार कार्ड, जुने कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्याव्यात. हृदयाच्या ठोक्यांची किंवा पित्ताची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावेच, कारण सी च्या औषधांशी काही गोळ्यांचे जमत नाही.

एका रिपोर्टवर गोळी सुरू होत नाही. रक्तात विषाणू किती आहे, एसजीपीटी किती आहे, प्लेटलेट किती आहेत, सोनोग्राफीत यकृत कसे दिसते, हे पाहतात. काही ठिकाणी फायब्रोस्कॅन नावाच्या यंत्राने यकृताचा कडकपणा मोजतात. बी असलेल्या प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. काहींना दर सहा महिन्यांनी तपासणी पुरते. पण ‘गोळी नको’ याचा अर्थ ‘आता येऊ नका’ असा नव्हे! २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने बी च्या उपचाराचे निकष सैल केले आहेत. पूर्वी ज्यांना थांबा म्हटले होते, त्यांनी पुन्हा जाऊन विचारावे.

टेनोफोविरमुळे काहींच्या मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होतो, म्हणून मधूनमधून क्रिएटिनिन तपासतात. त्रास झाला तर गोळी बदलता येते. पण ती डॉक्टरांनी बदलायची, आपण फेकायची नाही.

पाळीचा कामगार असेल तर त्याने गोळीची वेळ डब्याशी जोडावी. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढच्या आणायला जावे. घाटाखाली पाऊस कोसळतो, गाड्या बंद पडतात; शेवटच्या गोळीपर्यंत वाट पाहू नये.

घरातल्या बाकीच्यांचे काय?

आता सुनेकडे वळू. तिला सांगायलाच हवे. ‘अहो, इतके दिवस बोलला का नाहीत?’ असे ती रागाने विचारील, रडेल. पण तिच्या पोटातल्या बाळासाठी हे सांगणे गरजेचे आहे. तिची तपासणी करून घ्यावी. तिला लागण नसेल आणि लस घेतलेली नसेल, तर लसीचे तीन डोस द्यावेत. ही लस गरोदरपणीही चालते. तीन डोस पुरे होईपर्यंत नवऱ्याने निरोध वापरावा. तिलाही बी असेल आणि रक्तात विषाणू फार असेल, तर सातव्या महिन्यापासून टेनोफोविर देतात, म्हणजे बाळाला लागण होण्याचा धोका फार कमी होतो. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळालाच पाहिजे. आईला बी असल्यास सोबत इम्युनोग्लोब्युलिनची सुईही देतात. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. आईने अंगावर पाजायला हरकत नाही.

नातीचे लसीकरणाचे कार्ड पाहावे, तिचेही रक्त तपासून घ्यावे. आणि म्हातारीचेही. इथे घरात एक अवघड क्षण येतो. ‘म्हणजे माझ्याकडूनच गेला का रे हा रोग तुला?’ आई विचारील. तसे असू शकते. पण त्यात तिचा दोष काय? ती बाळंत झाली तेव्हा कोणी तिचे रक्त तपासले होते? भारतात बनलेली बी ची पहिली लस १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये काही ठिकाणी आणि २०११-१२ पर्यंत देशभर आली. ज्या काळी ना तपासणी होती ना लस, त्या काळच्या आईला बोल लावू नका. तिचीच तपासणी करा. तिलाही उपचार लागत असतील.

आणि एक. या रोगाच्या माणसाचे ताट-पेला वेगळा करू नका. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेगळे ठेवले जाण्याचे दुःख भोगले, त्या घरात तरी हे घडू नये. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, खोकल्याने, मुलाला कुशीत घेतल्याने बी किंवा सी पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, नखे काढायचे यंत्र आणि दात घासायचा ब्रश. एवढेच.

सुई, वस्तरा आणि सफाईचे हात

साध्या तापालाही ‘डॉक्टर, सुई द्या’ असा हट्ट आपण धरतो. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे बी ची साथ पसरली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. गोळीने भागत असेल तर सुई नको. सुई लागलीच तर ती आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी. सलूनमध्ये पाते नवे मागा. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदतात, तेथे थांबू नका.

आपल्या समाजातले कितीतरी भाऊ-बहिणी रुग्णालयांत वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार आहेत, कचऱ्याच्या गाडीवर आहेत. कचऱ्यातली सुई त्यांच्या हाताला टोचते. बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. सुई टोचली तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, ताबडतोब नोंद करावी आणि चोवीस तासांत डॉक्टर गाठावा. लस न घेतलेल्याला तेव्हा लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊन वाचवता येते. पण त्याआधीच सगळ्यांना लस मिळाली पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सरकारी कार्यक्रमातच आहे. ठेकेदाराकडच्या कामगारांनी युनियनमार्फत ती मागावी. हातमोजे आणि लस या कृपा नव्हेत.

आणि ज्यांना १९९० च्या दशकात किंवा त्याआधी ऑपरेशनला, बाळंतपणाला रक्त चढवले आहे, त्यांनी सी ची तपासणी एकदा करून घ्यावी. सी साठी रक्त तपासणे त्या वेळी बंधनकारक नव्हते. १९८२ साली ‘कुली’ चित्रपटाच्या वेळी जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना चढवलेल्या रक्तातून बी ची लागण झाली आणि पुष्कळ वर्षांनी ती कळेपर्यंत यकृताचा पाऊण भाग गेला होता, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतरही ऐंशी ओलांडून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. रोग लपवला नाही आणि उपचार सोडला नाही, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

फलाटावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे परत येऊ. डब्याच्या पिशवीच्या तळाशी ती चिठ्ठी अजून आहे. त्याने रक्त दिले ते दुसऱ्या कोणाचा जीव वाचावा म्हणून. त्या रक्ताने त्याला वेळेवर सावध केले आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने ती चिठ्ठी काढावी, दिव्याखाली धरावी आणि बायकोला व आईला वाचून दाखवावी. उद्याची पाळी बुडाली तरी चालेल. पहिल्या गाडीने दवाखाना गाठावा.